उताराची उजवी बाजू

११ जानेवारी

दादा,

तुझ्या गोदामाचा पत्ता तुझ्या जुन्या गॅरेजवाल्याकडून मिळवला. त्याला ओरडू नकोस, तो देतच नव्हता. मी तीन दिवस संध्याकाळी त्याच्या दुकानासमोर जाऊन नुसती उभी राहिले. काही न बोलता. चौथ्या दिवशी तोच म्हणाला, "बाई गं, तू बोलतही नाहीस आणि जातही नाहीस, गिऱ्हाइकं दचकतात माझी," आणि कागदावर लिहून दिला. म्हणजे बघ, न बोलण्याचाही उपयोग होतो कधीकधी.

नंबर पण देत होता. मी नको म्हटलं. फोनवर माझं तोंड चिकटतं, तुला माहितीये. शिवाय फोन तू कापशील. पत्र फाडशील, पण फाडायच्या आधी माणूस दोन ओळी वाचतोच.

तर दोन ओळी झाल्या तुझ्या. आता मुद्दा.

तलावावर आईच्या जागी नवीन बाई आल्या. दोन वर्षं जागा रिकामी ठेवली होती त्यांनी, आता नाही जमत म्हणाले. बावीस वर्षं पोरांना पोहायला शिकवलं म्हणून निरोपाला आईला सहल दिली आहे. चार दिवस, तीन माणसं, गरम हवेचं समुद्रातलं बेट. तीन बेटं आहेत त्यातलं एक निवडायचं आणि मार्च संपायच्या आत त्यांच्या ओळखीच्या तिकीटवाल्याला सांगायचं. नाही सांगितलं तर गेलं.

मामा लगेच म्हणाला, "बेट कशाला? चाकांची खुर्ची वाळूत रुतेल. त्यापेक्षा बदलून घ्या, थंड हवेच्या ठिकाणी जाऊ डोंगरावर." जाऊ म्हणजे तिसरं माणूस तो, हे त्याने धरूनच टाकलं. आई म्हणाली, "कुठेही न्या मला. मी बसून बघेन."

दादा, बसून बघेन. आपली आई!

तेव्हा मी बोलले. "बेटावरच जायचं. कुठलं ते मी ठरवणार." मामाने मागे वळून बघितलं, कोण बोललं म्हणून.

मला आईला पाण्यात उतरवायचंय. समुद्र दाखवायचा नाहीये, आत न्यायचंय. डॉक्टरांना मी विचारलं (चिठ्ठीवर लिहून नेलं होतं, वाचून दाखवलं). ते म्हणाले गरम, उथळ, शांत पाणी असेल तर काहीच हरकत नाही, उलट चांगलं. थंड पाण्यात मात्र तिचे पाय लाकडासारखे ताठ होतात. म्हणून डोंगर बाद.

हे तुला का सांगते ते नंतर सांगेन. आधी तू वाचतोयस का ते बघू. म्हणजे बघता तर येणार नाही. पण समजू की वाचतोयस.

मुंगी


२९ जानेवारी

दादा,

उत्तर नाही. ठीक आहे. मी पण कुणाला पटकन उत्तर देत नाही.

मी काम काय करते ते लिहायचं राहिलं. शाळा सोडली ते तुला कळलं असेल. पडद्यांच्या दुकानात आहे. मागच्या खोलीत मास्तर कापड कापतात आणि मी शिवते. पुढे गिऱ्हाइकांशी बोलायला मालकीणबाई आहेत, त्यामुळे माझं छान चाललंय. मास्तर दिवसाला दहाएक वाक्यं बोलतात, त्यातली सहा कात्रीला.

मास्तरांचा एक नियम आहे. गिऱ्हाइकाने सांगितलेलं माप घ्यायचं नाही. लोक घरून माप आणतात आणि ते हमखास चुकीचं असतं. दोरीने पण मापायचं नाही. "दोरी ओढली की वाढते, ती गिऱ्हाइकाच्या बाजूने बोलते," असं म्हणतात ते. पडद्याच्या वरच्या काठाला आतून जी जाड पांढरी पट्टी शिवतात ना, तिने मापायचं. ती ना वाढते ना आटते. खिडकीला लावायची, तिथल्या तिथे कापायची, आणि ती कापलेली पट्टी हेच माप. आकडा लिहायचाच नाही.

तर मी आईला घेऊन तिकीटवाल्याकडे गेले. त्याच्या ऑफिसला दोन पायऱ्या आहेत. आई फुटपाथवर थांबली आणि तो बाहेर येऊन, हातात रंगीत पुस्तकं घेऊन, उन्हात उभं राहून सांगायला लागला.

"हे बघा, हे मोठं बेट, एकदम फर्स्ट क्लास. हे दुसरं, लाटा बघायला लोक लांबून येतात. हे तिसरं जरा छोटं आहे, तिथे फारसं कोणी जात नाही, पण यादीत आहे म्हणून दाखवतो."

मी विचारलं, "खुर्ची?" (मला एवढंच जमलं.)

"व्हीलचेअर? अहो, सगळीकडे जाते! बिनधास्त!"

ज्याच्या स्वतःच्या दुकानात आई शिरू शकत नाही, तो सांगतोय समुद्रापलीकडच्या दारातून शिरेल. आई माझ्याकडे बघून हसली. हसणं थांबवायला गाल आतून चावते तशी.

घरी आल्यावर मी आईच्या खुर्चीला पट्टी लावली. या बाजूच्या चाकापासून त्या बाजूच्या चाकापर्यंत, बाहेरून, जिथे ती हाताने ढकलते त्या कड्यांसकट. कापली. मग ती जवळ ठेवून तिच्यासारख्या आणखी चार कापल्या. तिन्ही बेटांच्या हॉटेलांना एकेक पाठवली, सोबत चिठ्ठी: "कृपया ही पट्टी खोलीच्या आणि न्हाणीघराच्या दारात आडवी धरा. मावते का? मावत असेल तर फोटो पाठवा. पाण्यापर्यंत पायऱ्या किती आहेत? आकडा सांगू नका, फोटोच पाठवा."

मास्तरांनी चिठ्ठी वाचली आणि त्या दिवसातलं अकरावं वाक्य बोलले. "पोरी, तू धंदा शिकलीस."

चौथी पट्टी या पाकिटात आहे. तुझ्यासाठी. दारात धरायला नाही. असू दे तुझ्याकडे.

मुंगी


१६ फेब्रुवारी

दादा,

तिन्ही उत्तरं आली. तुझं सोडून सगळ्यांची येतात.

मोठ्या बेटाचं पाकीट जाडजूड. दार भलं रुंद, पट्टीच्या दोन्ही बाजूंना वीत वीत जागा. भिंतीवर खुर्चीचं निळं चित्र पण आहे. मामा खूश. "झालं ना? घे हेच." मग मी पायऱ्यांचा फोटो काढला पाकिटातून. खोल्या कड्यावर आहेत. समुद्र खाली. खाली जायला दगडी जिना, वळणं घेत घेत, फोटोत मावत नाही एवढा. त्यांनी लिहिलं होतं, "आमच्या गच्चीवरून समुद्राचे उत्तम दर्शन होते."

दर्शन नको आहे आम्हाला.

दुसऱ्या बेटावर लाटा. फोटोतच माणसं आडवी पडलेली. बाद.

तिसरं छोटं बेट. तिथे हॉटेल नाहीच, एक पाहुणेघर आहे, चार खोल्या. उत्तर तिथल्या बाईंनी स्वतः लिहिलंय. पट्टी दारात धरलेला फोटो. एका टोकाला बाईंचा अंगठा दिसतो, ओला, साबणाचा. लिहिलंय: "कपडे धूत होते तेव्हाच टपाल आलं, म्हणून लगेच धरून बघितली. खोलीचं दार मोठं आहे, न्हाणीघराच्या दारात तुमची पट्टी दोन्ही बाजूंना टेकते. मावते. पायऱ्या नाहीत. आमच्या मागच्या अंगणातून होड्या पाण्यात ढकलायचा सिमेंटचा उतार आहे, तो सरळ पाण्यात जातो. पाणी कमरेएवढं, आत लांबपर्यंत. समोर खडकांची रांग आहे त्यामुळे लाट येत नाही. कोण येणार आहे?"

कोण येणार आहे! इतक्या दिवसांत हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. खुर्ची येणार एवढंच सगळ्यांना माहीत.

मी फोटो आईच्या मांडीवर ठेवले आणि स्वयंपाकघरात गेले. मुद्दाम. ती माझ्यासमोर काही बोलली नसती. मग तिथूनच हाक.

"मुंगे, या उतारावर शेवाळ आहे का गं?"

दादा, मी भांडं हातात धरून तिथेच उभी राहिले. बसून बघणाऱ्या बाईला शेवाळाशी काय करायचंय?

मी म्हटलं, "विचारते."

"विचार. आणि भरतीची वेळ विचार. भरतीलाच उतरायचं अशा ठिकाणी, ओहोटीला तळ लागतो." मग जरा थांबून, तिच्या तलावावरच्या आवाजात, "नुसतं विचारायला सांगतेय. उगाच नाचू नकोस."

मी नाचले नाही. थोडीशी.

तुझं हेल्मेट अजून खुंटीवर आहे. आई त्यात कपड्यांचे चिमटे ठेवते. टाकून देऊ का म्हणून मामाने विचारलं तर म्हणाली, "मग चिमटे कुठे ठेवू?"

मुंगी


२० फेब्रुवारी

दादा,

हे पत्र छोटं आहे. चार वेळा लिहून फाडलं. आता पाचव्यांदा लिहितेय ते पाकिटात घालून लगेच पेटीत टाकणार, मग मागे घेता येणार नाही.

मला त्या दिवशी ताप नव्हता.

शाळेच्या ऑफिसमधून फोन केला, ताप चढलाय, लगेच न्यायला या, असं म्हटलं ना, ते खोटं होतं. त्या दिवशी वर्गासमोर उभं राहून दोन मिनिटं बोलायचं होतं. कशावरही. दोनच मिनिटं. माझा नंबर येणार होता तेव्हा मी बाईंना सांगून बाहेर आले आणि फोन केला.

तू आणि आई गाडीवर निघालात. तू गाडी जोरात चालवलीस कारण मी "लगेच" म्हटलं. रस्त्यावरचं तेल तुला दिसलं नाही.

हॉस्पिटलमध्ये मामा तुला सगळ्यांसमोर बोलला, "डोळे कुठे होते तुझे," आणि मी शेजारी उभी होते आणि माझं तोंड चिकटलं. तू निघून गेलास तेव्हाही.

शाळा मी आईला सांभाळायला सोडली असं सगळ्यांना वाटतं. तसं नाहीये. त्या वर्गात परत जाऊन बसवलं नाही.

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. तुला पहिल्यांदा.

मुंगी


३ मार्च

दादा,

मागच्या पत्राबद्दल आत्ता काही लिहीत नाही. मोठी चूक झाली आहे आणि ती आधी निस्तरायची आहे.

आपल्या न्हाणीघराचं दार आठवतं ना? तिथून आत जाताना आईच्या बोटांची सालं निघतात. खुर्ची जाते, पण चाकाची कडी धरलेल्या हाताला चौकट घासते. रोज. मी रोज मलम लावते. काल मलम लावता लावता मनात आलं, गंमत म्हणून आपल्याच दारात पट्टी धरून बघू.

मावली. आरामात मावली.

मग बोटं खरचटतात कशी?

मी पुन्हा खुर्चीला पट्टी लावली. पट्टी कमी! बोटभर कमी. दोन्ही चाकांवर टेकतच नव्हती. पहिल्यांदा वाटलं आटली. पण ती आटत नाही, हाच तर तिचा गुण.

दुकानात जाऊन मास्तरांना दाखवली. त्यांनी कात्री खाली ठेवली (हे ते सहसा करत नाहीत), पट्टीचं टोक बघितलं आणि म्हणाले, "चौकटीच्या आतला पडदा कापलास तू."

सांगते. पडदा खिडकीच्या बाहेरून लावायचा असेल तर मापाला मापच कापायचं. पण चौकटीच्या आत बसवायचा असेल तर बोटभर कमी कापायचा, नाहीतर कडा घासून फाटतात. गेलं वर्षभर मी आतल्याच पडद्यांच्या पट्ट्या कापतेय. हाताला सवयच झाली. पट्टी लावली, बोटभर आत सरकले, कच्च. आईच्या खुर्चीला पण तेच केलं. मी स्वतः, माझ्या हाताने, आईला बोटभर बारीक केलं आणि तीन बेटांना पाठवलं.

मोठ्या बेटाला फरक पडत नाही, तिथे वीतभर जागा आहे. छोट्या बेटावर पट्टी दोन्ही बाजूंना टेकत होती. म्हणजे आई त्या दारातून जात नाही.

मामाला कळलं. "बघ, मी म्हणत होतो. मोठ्या हॉटेलात चला गुपचूप. गच्चीवरून समुद्र दिसतो तर काय बिघडलं? तिला तरी कुठे पाण्यात जायचंय, का गं ताई?"

आईने खुर्ची वळवून खिडकीकडे नेली. तिचा जायचा विचार झाला होता दादा. शेवाळ विचारलं होतं तिने. आणि आता ती परत बसून बघणार होती.

तुझ्याकडची पट्टी पण चुकीची आहे. फेकून दे.

मी हरलेली नाही. फक्त सांगतेय.

मुंगी


१२ मार्च

दादा,

चार तारखेला तिकीटवाल्याचा निरोप आला, "तुमच्या मामांचा फोन आला होता, मोठं बेट नक्की करतोय." मी मशीनवरचा पडदा तसाच सोडला आणि गेले. मास्तरांना विचारलंही नाही. मागून आवाज आला, "जा जा."

तिकीटवाला फोनवर होता. खुर्च्यांवर तीन गिऱ्हाइकं बसलेली. मी दारात उभी. नेहमीसारखी उभीच राहिले असते, पण तो समोर फॉर्म ओढून लिहायलाच लागला. मोठ्या बेटाचं नाव. पहिलं अक्षर झालं होतं.

मी म्हटलं, "नाही."

सगळे वळले. कान तापले माझे. पण मी बोलत राहिले. "तिथे जिना आहे. आईला पाण्यात जायचंय. तिने बावीस वर्षं लोकांना पाण्यात उतरवलंय, तिला गच्चीवर बसवून समुद्र दाखवायचा नाहीये. छोटं बेट लिहा. आमची सहल आहे, मामाची नाही."

तो म्हणाला, "पण बाळ, तिथलं दार बसत नाही असं मामा सांगत होते."

"दाराचं मी बघते."

"म्हणजे काय करणार?"

"काढणार."

बसलेल्यांत एक आजी होत्या, त्या म्हणाल्या, "लिहा हो, एवढी म्हणतेय तर." त्याने खोडलं आणि लिहिलं. दोन मिनिटं बोलले असेन मी, दादा. बाहेर आल्यावर पायरीवर बसले तेव्हा लक्षात आलं. दोन मिनिटं. कशावरही बोलायचं होतं तेव्हा नाही जमलं.

दार काढायचं हे मी तिथे जाताना रस्त्यात ठरवलं होतं. उघडं दार चौकटीत आडवं येतं, त्याची जाडी खातेच ना जागा. बोटभरापेक्षा जास्तच. बिजागऱ्या काढल्या की तेवढी जागा मोकळी. पाहुणेघरातल्या बाईंना लिहिलं. चूक झाली ते पण लिहिलं, नवीन पट्टी पाठवली. आज त्यांचं उत्तर:

"दार आमच्या दिरांनी काढून बघितलं. ते होड्या रंगवतात, हातोडी-पाना त्यांच्याकडे असतोच. नवीन पट्टी छान मावते, वर दोन बोटं राहतात, तुमच्या आईच्या हातांना. शेवाळ आहे, पण दीर उतार घासून देणार आहेत. फक्त न्हाणीघराला आडोसा राहिला नाही, त्याचं काय?"

आडोसा! मला विचारतात!

आज दुपारपासून शिवतेय. पाण्यात भिजलं तरी लगेच वाळेल असं कापड मास्तरांनी शेल्फावरून काढून दिलं, निळं. म्हणाले हा तुकडा कधीपासून पडून आहे, कोणी घेत नाही. खोटं बोलतात. परवाच आलाय तो. मापाला माप कापलाय, बाहेरून लावायचा.

आता तो मुद्दा, जो नंतर सांगेन म्हटलं होतं. उतार ओला असतो. खुर्ची दोन माणसांनी दोन्ही बाजूंनी धरून उतरवायची, मग आईला उचलून पाण्यात घ्यायचं. डावी बाजू मी धरणार. मी बारीक आहे पण पडद्यांचे गठ्ठे उचलून दंड तयार झालेत. उजवी बाजू रिकामी आहे. मामाची कंबर तुला माहितीये, तो स्वतःच्या चपलेसाठी वाकत नाही.

फॉर्मवर तिसरं नाव विचारलं तेव्हा मी "भाऊ" लिहिलं. मामा रुसलाय. रुसू दे.

मुंगी


२४ मार्च

दादा,

तिकीट सोबत आहे. सतरा एप्रिलला पोचायचं, वीसला परत. तुझ्या गावाहून लाँच वेगळ्या धक्क्यावरून सुटते, वेळ मागे लिहिली आहे. आलास तर उत्तम. नाही आलास तरी आम्ही जाणार. बाईंचे दीर उजवी बाजू धरतो म्हणालेत. म्हणजे तू नसलास तर आईचं अडणार नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, तुझ्यावर ओझं नको म्हणून. पण ती बाजू तुझी आहे.

आणि हो, तापाचं मी आईला सांगितलं.

केस धुवून देत होते तिचे, त्यामुळे ती पाठमोरी होती, म्हणून जमलं. सांगून टाकलं आणि डोक्यावर पाणी ओतत राहिले, ओतत राहिले.

ती म्हणाली, "बादली संपली गं."

मग म्हणाली, "माहीत होतं मला."

"काय?"

"ताप नाही ते. बावीस वर्षं पोरांची पाणी टाळायची कारणं ऐकलीत मी. पोट दुखतं, कान दुखतो, पोहायचे कपडे आजीकडे राहिले. तू फोनवर बोललीस ना, ताप आलेलं पोर इतकं घडाघडा बोलत नाही. आणि तू तर एरवीही बोलत नाहीस."

"मग आलीस कशाला?"

"बोलावलंस म्हणून. पोर काठाला धरून रडत असलं की आधी जवळ जायचं. कारण खरं की खोटं ते नंतर." मग टॉवेल मागितला. डोकं पुसताना टॉवेलच्या आतून म्हणाली, "दादालाही मीच घाई केली होती. तू फोन ठेवलास, तो चहा पीत होता. मी म्हटलं, राहू दे तो चहा. हे त्याला लिहून टाक. मी लिहीत नाही, माझं अक्षर बघून तो रडेल."

तर लिहून टाकलं.

तिघांनीही आपापल्या वाटचं धरून ठेवलं होतं दोन वर्षं, असं दिसतंय. आणि मामा एकटाच बोलत होता.

मुंगी


९ एप्रिल

दादा,

पाकीट मिळालं.

वरचं अक्षर बघून आधी आईच्या हातात दिलं. तिने उघडलं नाही, मला परत दिलं. मी उघडलं. चिठ्ठी आहे का म्हणून आतून बाहेरून झटकलं. चिठ्ठी नाही. पट्टी. माझी जुनी, चुकीची, बोटभर कमी. आणि तिच्या टोकाला बोटभर तुकडा जोडलेला, काळ्या दोऱ्याने.

काय टाके घातलेस रे! मास्तरांना दाखवली तर ते एवढे हसले की चष्मा काढावा लागला. "हे कुणी शिवलंय, गोणी शिवणाऱ्याने?" मी म्हटलं, हो, गोदामात असतो तो. मग त्यांनी ओढून बघितली. दोन्ही हातांनी, जोर लावून. म्हणाले, "सुटत नाही मात्र."

खुर्चीला लावून बघितली. बरोबर मापाला माप.

म्हणजे तू सगळी वाचलीस. तीन मार्चचं पण. त्याच्या आधीचं पण.

येतोयस का ते कळत नाहीये पट्टीवरून. पण मी विचारणार नाही. पट्टी बॅगेत घातली आहे, पडद्याच्या घडीत. आई तिचा जुना पोहण्याचा पोशाख कपाटातून काढायला सांगत होती. मी काढून दिला. तिने घालून बघितला नाही, फक्त मांडीवर घेऊन शिवणी तपासल्या. एक उसवली होती, ती मी शिवली.

मुंगी


१८ एप्रिल, सकाळ

दादा,

ही चिठ्ठी न्हाणीघराच्या पडद्याला चिमट्याने लावतेय. (चिमटा तुझ्या हेल्मेटातला आहे.) पाहुणेघरात कोणी सापडणार नाही तुला, सगळे मागे आहेत.

बाईंनी सांगितलं, काल संध्याकाळी कोणा माणसाचा फोन आला होता. एकच विचारलं त्याने, उतार घराच्या कुठल्या बाजूला आहे. नाव सांगितलं नाही. बाई म्हणाल्या आवाज तुमच्यासारखाच आहे, म्हणजे जवळजवळ नाहीच.

तुझी पहिली लाँच चुकली असेल, दुसरी दहाला लागते. भरती साडेनऊला पूर्ण आहे. आई म्हणाली, "थांबू या का थोडं?" मी म्हटलं, नाही. तूच सांगितलंस ना आई, ओहोटीला तळ लागतो. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बरं बाई. चल." आणि पोशाख घालून दारातून बाहेर आली. बोटांना काही लागलं नाही. मी बघत होते.

आम्ही उतरतोय. घरातून मागच्या अंगणात ये, रंगवलेल्या होड्यांच्या मधून. पळत येऊ नकोस, उतार घासलाय तरी कडेला निसरडं आहे.

उजवी बाजू आत्ता दिरांनी धरली आहे. येऊन घे त्यांच्याकडून.

मुंगी